दोन शेपट्यांची वायर

अश्वजित मेश्रामच्या पायाला भिंगरी आहे हे साऱ्या आरमोरीला ठाऊक होतं. चहा सांगायचा आणि तो उकळेपर्यंत टपरीला दोन फेऱ्या मारायच्या, दुरुस्तीला आलेला एक रेडिओ उघडून ठेवायचा आणि दुसऱ्याचेच स्क्रू काढायला लागायचं, असा त्याचा स्वभाव. "याहीले एका जागी बसवाचं असन तं खुर्चीले बांधा लागते," असं त्याची बायको सरिता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. अशा माणसाच्या वाट्याला नेमकं बसून राहण्याचं काम यावं, हा नशिबाचा चावटपणाच म्हणायचा.

काम होतं कोसमटोल्याच्या जंगलात. तिथे एक वाघीण फिरत होती आणि तिच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता. मोहाचा हंगाम लागता लागताच शेजारच्या गावात तिने एका बाईला मारलं होतं. बाई वाकून मोहफुलं वेचत होती. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही म्हणतात. खरंखोटं वाघालाच माहीत, पण बाई गेली ती गेलीच. त्या पट्ट्यातला उपग्रहाशी बोलणारा भाग कधीच मेला होता. उरली होती ती नुसती टिकटिक, साधारण सेकंदाला एक, आणि तीही इतकी क्षीण की जुन्या रिसीव्हरच्या कानाला लागेना. वाघिणीचा अभ्यास करणाऱ्या संस्थेकडे एक स्पेक्ट्रम अॅनालायझर होता. पत्त्यांच्या कॅटएवढी डब्बी, लॅपटॉपला जोडायची; कानाला न ऐकू येणारी लहर ती पडद्यावर रेघ काढून दाखवते. डब्बी होती, चालवणारं कोणी नव्हतं. अश्वजितचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, वायरलेस सेट दुरुस्त करण्यात हात बसलेला. त्याला बोलावणं आलं आणि तो मोटरसायकलवर पेटी बांधून निघाला.

कोसमटोला म्हणजे एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला पहाडी आणि मध्ये तीसेक घरं. मोहाची झाडं दोन्हीकडे. प्रत्येक घराची झाडं आजा-पणज्यांपासून ठरलेली, थोडी नाल्याकडे, थोडी पहाडीमागे. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. रात्रभर फूल गळतं आणि उन्हं चढायच्या आत वेचावं लागतं, नाहीतर चितळं आणि अस्वलं आपला वाटा घेऊन जातात. गावाला वर्षाकाठी जे काही हाताशी लागतं त्यातलं बरंचसं या दोन-तीन आठवड्यांत. घरात बसा म्हणायला कोणाची जीभ रेटत नव्हती, आणि जा म्हणायला तर मुळीच नाही.

नाल्याच्या काठावर वनरक्षकाची चौकी होती. तिथल्या खांबावर अँटेना चढवली. मध्ये पहाडी आडवी असल्यामुळे हिशेब सोपा होता. पडद्यावर टिकटिक दिसली की वाघीण नाल्याकडच्या बाजूला; लोकांनी पहाडीमागे जावं. दिसली नाही की ती पलीकडे. लोकांनी अलीकडे वेचावं. पहाटे टोपल्या घेतलेली माणसं कुंपणाशी येऊन थांबायची आणि वन खात्याने गावात नेमलेल्या बचाव पथकाचा लच्छू मडावी सगळ्यांच्या वतीने विचारायचा, "आज कोनीकडं, भाऊ?" अश्वजितने बोट दाखवायचं आणि तीसेक घरांची माणसं त्या बोटामागे निघायची. बोट चुकलं तर त्यातलं एखादं परत यायचं नाही. हे तो जाणून होता, म्हणून त्याला धड जेवण जात नव्हतं आणि झोपही लागत नव्हती.

घोडं पेंड खात होतं ते विजेपाशी.

डब्बीची वायर दोन शेपट्यांची होती. एक शेपटी लॅपटॉपला, माहिती द्यायला-घ्यायला. दुसरी कुठल्यातरी पाच व्होल्टच्या यूएसबी तोंडात घालायची, कारण लॅपटॉप एकटा डब्बीचं पोट भरू शकत नव्हता. ही दुसरी शेपटी कुठे खुपसायची, एवढाच प्रश्न. ज्या माणसाला टपरीवर कुठल्या बाकावर बसावं हे ठरत नाही, त्याच्यापुढे हा प्रश्न आला.

आधी त्याने दोन्ही शेपट्या लॅपटॉपलाच लावून पाहिल्या. लॅपटॉप म्हातारा; दम लागल्यासारखा पंखा फिरवायचा आणि रेघ नीट उमटायच्या आत बॅटरी बसायची. मग चौकीतल्या बोर्डावर मोबाइलचा चार्जर लावला. तर पडद्याच्या तळाशी ज्या ठिकाणी सारवलेल्या अंगणासारखं साफ दिसायला हवं तिथे नुसतं गवत माजलं. स्वस्त चार्जर वीज देतो तशी स्वतःची कचकचही देतो, आणि त्या कचकचीत वाघिणीची टिकटिक हरवून गेली. शिवाय गावातली वीज म्हणजे सासुरवाशिणीचं माहेर, आज आहे, उद्या नाही. मग पॉवर बँक. तिच्यातून डब्बी इतका थोडा घोट घ्यायची की पॉवर बँकेला वाटायचं कोणी काही पीतच नाही, आणि ती खुशाल झोपून जायची. वनरक्षकाच्या जीपमधला चार्जर त्याहून वाईट, आणि जीप तरी दारात कुठे असायची.

"भाऊ, तुमी तं नवरी पाहून राह्यले," लच्छू म्हणाला. "हे काळी, ते बुटकी. एक पसंत करा ना बापा."

"नवरी बिघडली तं माह्या एकट्याचं नुकसान हाये लच्छूभाऊ. हे बिघडली तं गावाचं."

त्याने आपल्या मोटरसायकलची बॅटरी काढून लावायचाही विचार केला. पण गाडी उभी ठेवायची म्हणजे पायच काढून ठेवायचे, आणि ते त्याच्याने होईना. तो विचार त्याने जितक्या झटपट केला तितक्याच झटपट टाकून दिला, आणि मागाहून त्याला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

शेवटी उपाय सुचवला पत्रूभाऊने. चौकीला लागूनच त्याचं उन्हाळी धानाचं शेत. रानडुकरांसाठी त्याने शेताभोवती तार ओढून झटका मशीन बसवलं होतं. या भागात आता प्रत्येक बांधावर ते असतं. सोलरची पाटी, तिच्यावर भरणारी बारा व्होल्टची दणकट बॅटरी, आणि एक छोटं मशीन जे रात्रभर तारेत थोड्या थोड्या वेळाने झटका सोडतं. डुकराला मरण नाही, पण पुन्हा यायची हौस राहत नाही. "माही बॅटरी नवीकोरी हाये," पत्रूभाऊ म्हणाला. "दिवसभर उन्हात नुसती भरून राह्यते. तुमची डब्बी किती खाणार तिच्यातून?"

अश्वजितने पेटीतून जुना तीन पायांचा रेग्युलेटर काढला. बारा व्होल्टचे पाच करून देणारा. जास्तीची वीज उष्णतेत फुकून टाकतो, त्यामुळे तापतो फार, पण वीज देतो ती गाळलेल्या पाण्यासारखी. त्याला पत्र्याचा तुकडा जोडून, बॅटरीपासून चौकीच्या खिडकीपर्यंत वायर ओढून, भर दुपारी त्याने दुसरी शेपटी लावली. पडदा साफ. कुठे गवत नाही, काडी नाही. त्याने अँटेनाची वायर काढून पाहिली, पुन्हा लावून पाहिली, दिवे लावून-विझवून पाहिले. साफ म्हणजे साफ. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो खाटेवर पडला आणि पडून राहिला.

दुसऱ्या पहाटे पडद्यावर टिकटिक आली. रेघ उठायची, बसायची, उठायची. लॅपटॉपची बॅटरी पुरावी म्हणून त्याने पट्ट्याच्या लहरीपुरतीच बारीक खिडकी उघडी ठेवली होती, आणि त्या खिडकीत ती रेघ भरून दिसत होती. त्याने नाल्याकडे बोट दाखवून मान हलवली आणि मग पहाडीकडे बोट केलं. माणसं पहाडीमागे गेली. उन्हं वर आल्यावर लच्छू नाल्यावर जाऊन आला तर ओल्या रेतीत वाघिणीचे ताजे पंजे उमटलेले. लच्छूने चौकीत येऊन अश्वजितला मिठीच मारली. "मशीन खरं बोलते बापा," असं त्याने गावभर सांगितलं, आणि त्या संध्याकाळी अश्वजितला तीन घरांतून जेवायचं बोलावणं आलं.

तिथून पुढे रोज पहाटे टिकटिक यायची. रोज माणसं पहाडीमागे जायची आणि भरल्या टोपल्यांनी परत यायची. आणि हळूहळू एक गोष्ट घडली, जिच्याकडे कोणी नीट लक्ष दिलं नाही. डब्बी यायच्या आधी कोसमटोल्याची माणसं घोळक्याने जायची. फुलं झाडाच्या मालकाचीच, पण पंधरा-वीस जण मिळून एकेका झाडाखाली. मोठमोठ्याने बोलत, ओरडत, आणि वेचताना एक जण उभाच राहायचा, पाठ झाडाला लावून. तो थकला की दुसरा उभा. यात वेळ जायचा, अर्धी फुलं हरणं खाऊन जायची, पण तशी रीतच होती. आता ज्याला त्याला आपलं झाड दिसू लागलं. मशीन सांगतंय ती नाल्याकडे आहे, मग उभं राहण्यात एक माणूस कशाला वाया घालवायचा? घोळका पांगला. आवाजही थांबले. एकटं वेचणारं माणूस कोणाशी बोलणार?

लच्छूची बायको रुखमा यात सगळ्यांच्या पुढे. तिची झाडं सगळ्यात लांब, पहाडीमागच्या झऱ्यापाशी. अश्वजित तिच्याच घरी जेवायचा. एका संध्याकाळी त्याने भाकरीचा तुकडा मोडून तसाच हातात ठेवला.

"काऊन? मिरची जास्त झाली का?" रुखमाने विचारलं.

"नाई वहिनी. एक गोष्ट डोक्यातून जाऊन नाई राह्यली. रोज टिकटिक येते ते एवढीच येते. ना जरा कमी, ना जरा जास्त. वाघीन का खुट्याले बांधलेली म्हैस हाये?"

लच्छू हसला. "तुमाले चांगलं झालेलं बी पचत नाई भाऊ. चार दिवस झोपले, तं अंगाले मुंग्या आल्या."

"नाल्यात पानी हाये, सावली हाये," रुखमा म्हणाली. "मी वाघीन असती तं मी बी हलली नसती. जेवा."

अश्वजितलाही ते पटलं, म्हणजे पटवून घेतलं. आयुष्यभर लोक त्याला एकच सांगत आले होते की बाबा रे, एका गोष्टीवर टिक. एकदाचा टिकला होता. आता पुन्हा उठून वायरी उपसायच्या तर लोक हसले असते. रात्री खाटेवर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. शेताच्या कोपऱ्यात झटका मशीन टकटक करत होतं. त्याच आवाजावर त्याला रोज झोप लागायची, आणि त्या रात्रीही लागली.

पहाटे टिकटिक होतीच. लच्छूने विचारलं, अश्वजितने बोट दाखवलं, माणसं खिंडीतून पहाडीमागे गेली. रुखमाने जाता जाता हातातली टोपली उंचावून दाखवली. तिने त्या दिवशी मोठी टोपली घेतली होती.

रोज माणसं गेली की अश्वजित लॅपटॉप बंद करून चहा मांडायचा. त्या दिवशी त्याने बंद केला नाही. कालची शंका अजून गेलेली नव्हती. तो रेघेकडे पाहत बसला, उठला, दारापर्यंत गेला, पुन्हा येऊन बसला. उजाडलं. पत्रूभाऊ काठी टेकत शेतात आला. एरवी तो गुरं बाहेर पडायच्या वेळी यायचा, पण रात्री डुकरांनी एका कोपऱ्यात खांब पाडला होता आणि त्याला तार ताणायची होती.

पडद्यावरची रेघ गेली.

हळूहळू क्षीण होत नाही, एकदम गेली, घास तोंडाशी नेता नेता हात थांबावा तशी.  अश्वजितच्या मनात पहिला विचार एकच, की वाघीण खिंड ओलांडून पलीकडे गेली. पलीकडे माणसं होती. तो उभा राहिला, खिडकीतून बाहेर पाहिलं, तर पत्रूभाऊ उघड्या हाताने तार धरून ओढत होता.

"पत्रूभाऊ, मशीन बंद केलं का तुमी?"

"मंग का झटका खात तार ताणू?" पत्रूभाऊ म्हणाला.

"जरा चालू करा."

"आत्ताच तं बंद केलं."

"चालू करा म्हणतो ना मी," अश्वजित ओरडला. तो असा कोणावर ओरडलेला गावाने पाहिला नव्हता. पत्रूभाऊने तार सोडली आणि खटका वर केला.

मशीनने टक केलं. पडद्यावर रेघ उठली. मशीनने टक केलं, रेघ उठली. अश्वजितने डब्बीवरची अँटेनाची वायर धरली आणि आटे फिरवून काढून टाकली. आता डब्बीला कान नव्हता. वाघीण दारात येऊन बसली असती तरी डब्बीला ती कळायला नको होती. रेघ तशीच उठत होती, तितकीच उंच. त्याने पडद्यावरची खिडकी मोठी केली, पट्ट्याच्या लहरीच्या कितीतरी अलीकडे, कितीतरी पलीकडे. ती सगळीकडे होती. झटका सेकंदाला एक, टिकटिकही सेकंदाला एक. रेग्युलेटर वरून येणारी घाण गाळत बसला होता आणि झटका मशीनला आणि डब्बीला सामाईक असलेल्या जमिनीच्या वायरीतून मागच्या दाराने आत शिरत होता. त्याने सगळ्या तपासण्या केल्या होत्या, पण भर दुपारी, मशीन बंद असताना. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वाघिणीला जंगलभर शोधत होता आणि टकटक उशाशी होती.

पहिल्या दिवशी वाघीण नाल्यावर आली होती ती तिच्या मनाने. त्यानंतर ती कुठे होती, हे कोणालाच माहीत नव्हतं. आणि डब्बीचा शब्द मानून सगळं गाव रोज एकाच बाजूला गेलं होतं, पांगून, गप्प, वाकून.

तो धावत सुटला. फोनला तिथे रेंज नव्हती, आणि असती तरी मोहाखाली वाकलेलं माणूस फोन उचलत नाही. खिंडीची वाट दगडांची. चपलेचा पट्टा तुटला, त्याने चप्पल तिथेच टाकली. लच्छूच्या नावाने ओरडत होता, पण चढणीवर दम लागून घशातून नुसती हवा निघत होती. साऱ्या गावाला हसवणारी त्याची भिंगरी आज पुरत नव्हती. मनात एकच गोष्ट घोळत होती, की कोणी तरी कमी असेल. कोण, हे तो मनाला विचारू देत नव्हता, आणि मन दर दहा पावलांवर मोठ्या टोपलीपाशी जाऊन थांबत होतं.

खिंड उतरताच लच्छू भेटला, एका झाडाखाली वेचत होता, एकटा.

"बोलवा सगळ्याईले," अश्वजित म्हणाला. "मशीन खोटं बोललं. वाघीन कुठी हाये मले माहीत नाई. कधीच माहीत नव्हतं."

लच्छूने तोंडाकडे पाहिलं. बचाव पथकाची शिट्टी गळ्यात होती ती त्याने फुंकली, थांबून फुंकली, पुन्हा फुंकली. इकडून तिकडून माणसं यायला लागली, अर्ध्या टोपल्या घेऊन, कुरकुरत. ठमाबाई आली, बिरजू आला, बुधरी तिच्या दोन नणंदांना घेऊन आली. लच्छू एकेकाकडे पाहत होता आणि ओठ हलवत होता. मग तो थांबला.

"रुखमा?" त्याने विचारलं.

ठमाबाईने झऱ्याच्या दिशेला हात केला.

सगळे मिळून निघाले, जुन्या रीतीने, ओरडत, काठ्या झाडांवर आपटत. अश्वजित पुढे होता. त्याला वाटत होतं की जे काही दिसायचं ते आधी आपल्याला दिसावं, लच्छूला नाही. एवढी तरी शिक्षा आपल्या वाट्याला यावी. वाटेत कोणाचंच झाड राहिलं नाही, फक्त रुखमाचं. झऱ्याच्या अलीकडे पळसाच्या झुडपांमागून टोपली दिसली, डोक्यावर, काठोकाठ भरलेली, आणि तिच्याखाली रुखमा, सावकाश चालत.

"काऊन एवढी शिट्टी?" ती म्हणाली. "कोनाचं का झालं?"

लच्छू मटकन खाली बसला. त्याने तोंडावरून हात फिरवला आणि तसाच ठेवला. अश्वजितला रडू येत होतं आणि आनंदाने हसूही येत होतं, आणि दोन्ही दाबून तो नुसता उभा होता. मग रुखमा सहज बोलल्यासारखी म्हणाली, "एवढा आवाज कराची गरज नव्हती. ते गेली आता."

"कोन गेली?" लच्छूने हात काढून विचारलं.

"वाघीन. झऱ्यावर पानी पिऊन राह्यली होती. मी झाडाखाली, ते तिथी." तिने हनुवटीने दाखवलं ते अंतर घराच्या अंगणाएवढंही नव्हतं. "मी उभी राह्यली. तिनं पाह्यलं, मी पाह्यलं. मंग गेली झुडपात."

"गळ्यात पट्टा होता?" अश्वजितने विचारलं. उत्तर त्याला नको होतं.

"होता."

"मंग तुमी पळून काऊन नाई आल्या, वहिनी? टोपली भरत काऊन बसल्या?"

रुखमाने त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याचा प्रश्न खरंच कळला नव्हता. "तुमीच तं सांगतलं ना भाऊ, ते नाल्याकडं हाये म्हणून. तुमचं मशीन रोज खरं बोलते. मले वाटलं, माह्येच डोळे चुकले. सकाळचं ऊन, झाडाची सावली, दिसलं असन काहीतरी. म्हणून पुन्हा वाकली आणि वेचत बसली."

 आता कोणीतरी आपल्या दोन थोबाडीत माराव्यात असं अश्वजितला वाटलं. ते सोपं गेलं असतं. लच्छूने ते केलं नाही. तो बायकोच्या पायांकडे पाहत होता.

मग अश्वजितने सांगितलं. झटका मशीन, जमिनीची वायर, भर दुपारची तपासणी, काहीही न लपवता, सोप्या शब्दांत सांगितलं. आजपासून माझ्या गाडीची बॅटरी काढून लावतो, म्हणाला, तिच्यावर दुसरं काहीच नसेल. रोज आधी अँटेना काढून तुमच्यासमोर पाहीन, तरी रेघ आली तर तोंड उघडणार नाही. आणि अँटेना लावून आली किंवा नाही आली, तरी एक माणूस उभा ठेवल्याशिवाय कोणी वाकायचं नाही. एकेक गोष्ट तो बोटांवर मोजत होता. म्हातारी ठमाबाई "बरं बरं" म्हणाली, लहान मुलाला म्हणतात तसं.

रुखमाने हे सारं टोपली न उतरवता ऐकलं. तिने एकदा झऱ्याकडे वळून पाहिलं, आणि तेव्हा कुठे तिच्या अंगावर काटा आला. हातावरचा काटा अश्वजितला दिसला. तिने हात वर नेऊन चुंबळ नीट केली. 

"म्हणजे डोळे माह्ये बरोबर होते," ती म्हणाली.

"बरोबर होते वहिनी."

"ते वाघीनच होती. पट्टावालीच."

"हो."

"मंग तुमी सरका," रुखमा म्हणाली. अश्वजित वाटेतून बाजूला झाला. "तुमी पुढं नका चालू भाऊ. सगळे माह्या मागं या."